परक्याच्या विहिरीवर

उत्तम, त्या दिवशी रांग मी सोडली होती. तू नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, तुझ्या बापाला तर नाहीच. तुला सांगायची गरज नव्हती, तुला माहीतच होतं. आता तू गेलास, म्हणजे हे माहीत असणारा मी एकटा उरलो. दोघांत होतं तोवर त्याचं वजन एवढं कळत नव्हतं. एक टोक तू धरून होतास.

परवा तुझ्या जलदानविधीला तीर्थपुरीला आलो होतो. तुझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानासमोरच मांडव टाकला होता. फोटो फौजी कपड्यातला नव्हता, ते बरं वाटलं. दुकानात बसलेला होतास, चष्मा कपाळावर, हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं. वंदना झाली. मग सुमनवहिनी, प्रज्ञा आणि घरच्या सगळ्यांनी एकाच भांड्याला हात लावून वाटीत पाणी सोडलं, वाटी भरून ताटलीत सांडेपर्यंत. तेवढ्यात माझ्या मागं बसलेला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "पाण्यापायीच पाय गेल्ता बिचाऱ्याचा. आज मिळालं पोटभर."

वाईट मनानं नव्हता म्हणाला. तुझ्या गावाला तुझ्याबद्दल हेच माहीत आहे. फौजी उत्तम, तहान आवरली नाही म्हणून हुकूम मोडून विहिरीवर गेला आणि सुरुंगावर पाय पडला.

मागं वळून त्याला काही म्हणावं इतकंही माझ्याच्यानं झालं नाही. नंतर प्रज्ञा आली. "काका, तुमी संगं होते पप्पाच्या. दोन शब्द बोला ना." मी माइकपाशी गेलो. काय बोललो माहीत आहे? उत्तम दिलदार होता, हसतमुख होता, देशासाठी पाय दिला. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो, आणि सुमनवहिनी पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? ह्यायला तहान म्हणून लागत नव्हती. दुकानात दिवस दिवस पाणी मागायचे न्हाई. मीच ओरडायचे, अहो, घोटभर तरी घ्या." एवढं बोलून त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी पाणी प्यायलो आणि बसची वेळ झाली म्हणालो. बसला पुष्कळ वेळ होता. मी स्टँडवर बसून राहिलो.

आपल्याला कुणी ओढून नेलं नव्हतं, उत्तम. भरतीच्या मैदानावर आपण आपल्या मनानं गेलो. मी धावड्याचा, तू तीर्थपुरीचा. एकाच जिल्ह्याची दोन टोकं, पण मैदानावर पोचल्यावर जालना म्हणजे एकच गाव झालं. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "कुठला रे तू?" मी म्हणालो, धावडा. "मंग तू आजपासून धावड्या. पळायला आलाच हाईस." ते नाव पलटणीत शेवटपर्यंत चिकटलं. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. फोनवरसुद्धा नाही.

पलटणीनं आपली जोडी लावली. एकाचं पांघरूण ते दोघांचं, एकानं झोपायचं तर दुसऱ्यानं जागायचं. तू माझ्या ताटातली मिरची उचलायचास आणि मी तुझ्या ताटातला भात. घरी काय सांगायचं, काय नाही, हा हिशेब मी मनात केला होता, खोटं कशाला बोलू. तुलाही तो कळला होता. एकदा म्हणालास, "तुझ्या मायला सांग, पोरगा जयभीमवाल्यासंगं एका ताटात जेवून राह्यला. बघ काय म्हणती." मी सांगितलं नाही. तू परत विचारलं नाहीस.

मग बेटावर गेलो. बोटीत तू आतडी बाहेर येईपर्यंत ओकलास आणि वर मलाच म्हणालास, "आपल्या जिल्ह्याला समुद्र न्हाई ते बराबर हाय." तिकडं श्रीलंकेत यादवी चालली होती. एकाच मातीतली माणसं एकमेकांवर उठली होती आणि आपल्याला शांतता राखायला मधे उभं केलं होतं. थोड्याच दिवसांत मधे असं काही उरलं नाही. ज्यांना वाचवायला म्हणून गेलो तेच आपल्यावर गोळ्या झाडायला लागले. तू एकदा चिलखती गाडीच्या सावलीत बसून म्हणालास, "ह्यांच्या घरात आपण काय करून राह्यलो?"

"हुकूम हाय."

"हुकूम हाय ते मला माहीत हाय. मी काय इचारलं?"

मी बंदूक पुसायला घेतली. तुझे बरेच प्रश्न मी असेच सोडले.

तिथली एक गोष्ट मात्र मला वेड लावायची. पाणी. लाल माती, ताडाची झाडं, आणि घराघराच्या अंगणात विहीर. ती कशी? वाकून हात घातला तर ओला होईल, इतक्या वर पाणी. आपल्याकडं काळ्या खडकात सात-आठ पुरुष खोल उतरावं तेव्हा तळाशी डबकं दिसतं, तेही होळीनंतर नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला एक खोड असते: विहीर दिसली की डोकवायचं. लग्नाला जावो, मयताला जावो, आधी विहिरीत डोकावून पाणी किती आहे बघणार. मलाही ती होती. अजून आहे. कुणाचीही विहीर असो, काठावर जाऊन वाकायला मला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती.

तुझी खोड वेगळी होती. तू विहिरीपासून लांब उभा राहायचास. आपल्या जिल्ह्यातसुद्धा, कुठंही. मी विचारलं तर म्हणालास, "आमच्या बाची शिकवण हाय. बोलावल्याबिगर परक्याच्या हिरीवर जायचं न्हाई. लांबून हाक मारायची, थांबायचं. माणूस आला तर बोलायचं, न्हाई आला तर पुढं जायचं." मी हसलो. म्हणालो, आता कोण अडवतंय? तू म्हणालास, "अडवायचा सवाल न्हाई. दुसऱ्याचं घर हाय ते."

धावड्याला आमच्या विहिरीच्या खाली, उतारावर, कळश्या घेऊन बाया उभ्या राहायच्या. कुणी ओंजळभर वरून ओतील म्हणून. मी लहानपणी ते रोज बघितलेलं. पण तुझं ते बोलणं आणि त्या बाया, ही जोडणी माझ्या डोक्यात तेव्हा झाली नाही. खूप उशिरा झाली.

हुकूम साधा होता. रांगेत चालायचं, पुढच्याच्या पावलावर पाऊल. रांग सोडायची नाही, विहिरींकडं जायचं नाही. अंगणांत सुरुंग पेरलेले असायचे.

त्या सकाळी वस्तीतून जाताना रांग थांबली. पुढं कुणाला काही दिसलं होतं. सगळे खाली बसले, बंदुका बाहेरच्या बाजूला. मी शेवटून दुसरा, माझ्या मागं तू. डाव्या हाताला कुंपण मोडलेलं एक घर, अंगणात विहीर, कठड्यावर बादली. मी उठलो आणि गेलो. तहान नव्हती. बाटली भरलेली होती. मी नुसता डोकवायला गेलो.

आत बघितलं. पाणी इतकं वर होतं की माझं तोंड मला समोर आल्यासारखं दिसलं. मागून तुझा दबका आवाज आला, "धावड्या! येड्या, मागं ये. आल्या पावलानं ये."

वळलो तर पाऊलच दिसेना. झाडाचा पाला पडलेला, त्यात कुठून आलो ते कळेना. पाय जागचे हलेनात. तू उठून कुंपणाच्या आत आलास. वाकून, पाला निरखत, माझं एकेक पाऊल शोधत माझ्यापर्यंत पोचलास. "हे बघ, इथं. मंग इथं. बघ माझ्याकडं, खाली नको बघू. ये." वाट एका माणसाची होती. मला पुढं जाऊ द्यायला तू बाजूला झालास. एकच पाऊल.

पुढचं तुला आठवत नसेल. मी तुला खांद्यावर टाकून आणलं, हे खरं आहे. तेवढं एक खरं आहे.

रस्त्यावर साहेबांनी विचारलं, "लाइन किसने तोड़ी?" माझ्या तोंडून निघालं, "साब, इसको प्यास लगी थी. पानी के लिए गया. मैं रोकने गया था."

बस, एवढंच. विचार केला नव्हता, पण उलट इतकं नीट केलं की तू माझ्या जागी आणि मी तुझ्या जागी. पलटणीत मला शाबासकी मिळाली. धावड्याला सुट्टीवर आलो तर पारावर नारळ देऊन सत्कार केला. जखमी दोस्ताला खांद्यावर आणणारा. मी नारळ घेतला.

त्याच सुट्टीत तुझ्या घरी आलो होतो. तू तेव्हा पुण्याला दवाखान्यात होतास. लक्ष्मणबाबा ओट्यावर बसले होते. मी सांगितलं, असं असं झालं, तहान लागली होती, विहिरीवर गेला. बाबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बोलावलं होतं का कोणी?"

"न्हाई बाबा. घरात कोणी नव्हतं."

"न बोलावता परक्याच्या हिरीवर गेला?"

"तहान लई होती."

"मंग तो माझा पोरगा नसंल," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. उठले, आत गेले, तांब्या भरून आणला. "घे पोरा, पाणी घे. लांबून आलास."

मी प्यायलो. मला तुमच्या घरी प्रत्येक वेळी पाणीच मिळालं.

पुण्याला तुला भेटलो तेव्हा तू पलंगावर बसला होतास आणि चादर गुडघ्याखाली सपाट होती. तिथं चौकशी झाली तर तू "आठवत न्हाई साहेब" म्हणालास, हे मला आधीच कळलं होतं. तू मला जवळ बसवलंस. "साहेबाला काय सांगितलंस?"

मी सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत देशील. तू हसायला लागलास. शेजारच्या पलंगावरचा सरदारजी उठून बसला इतका हसलास. "पाण्यासाठी? मी? दुसरं काही सुचलं न्हाई का तुला? मुतायला गेल्ता म्हणायचं होतं. ते तरी पटलं असतं कोणाला."

मग हसू थांबलं. मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस. तू म्हणालास, "पाय काय परत येणार हाय का? तुझी नोकरी गेली असती फुकट. पण एक कर. माझ्या बाला तेवढं खरं सांग. बाकी दुनिया राहू दे."

"सांगतो," मी म्हणालो.

लक्ष्मणबाबा गेले तेव्हा मी काश्मीरमध्ये होतो. असतो तरी सांगितलं नसतं.

त्यानंतरची वर्षं तू कशी काढलीस हे मी लांबून बघितलं. पेन्शनचं बराबर झालं, त्याबद्दल तुझी तक्रार नव्हती. नावाचं झालं नाही. दुकान टाकलंस, जळालेल्या पाणबुडी मोटारींची वाइंडिंग भरायचास. बोलावल्याशिवाय विहिरीवर न जाणाऱ्या माणसाला सगळी पंचक्रोशी बोलावून विहिरीवर न्यायची. मोटारसायकलच्या मागं बसवून, नकली पाय जपून. आणि वर लोक चिडवायचे, "उत्तमराव, पाणी पिऊन निघा, न्हाईतर अजून एक पाय जायाचा." तूही त्यांच्यासोबत हसायचास. माझ्यासमोर हसायचास, ते मला सहन व्हायचं नाही.

मी जालन्यात एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक झालो. वर्षातून एकदोनदा तुझ्याकडं यायचो. एकदा मी तुला म्हणालो, "माझ्यामुळं झालं सगळं." तू हातातली तार गुंडाळत म्हणालास, "तुमच्या आज्याला वाट देऊन देऊन आमच्या आज्याचे पाय झिजले. म्या एकदाच दिली, तं पायच गेला." आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास. मी त्या दिवशी अंबडपर्यंत बसमध्ये मान वर केली नाही.

आणि आपलं ते एक भांडण. ते कधी मिटलं नाही. तू म्हणायचास, "त्या घरात माणूस होतं."

"घर रिकामं होतं, उत्तमा."

"बादलीखालचा दगड ओला होता. म्या बघितला. कोणीतरी सकाळीच पाणी काढलं होतं. ज्यानं काढलं त्याला माहीत होतं कुठं पाय टाकायचा अन् कुठं न्हाई. तू हाक मारली असतीस लांबून, थांबला असतास, तर त्यानं सांगितलं असतं."

"कोण सांगतंय फौजवाल्याला?"

"सांगतं. पाण्यावर आलेल्याला सांगतं माणूस."

दरवेळी हेच. तू तेच म्हणायचास, मी तेच. शेवटी सुमनवहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, "झालं का तुमच्या दोघायचं? ते घर अजून तिथंच हाय का पडलं असंल, कोणाला माहीत."

उत्तम, हे आता ऐक. हे तुलाही सांगितलेलं नाही.

घरात माणूस होतं. एक म्हातारी होती. मी कुंपण ओलांडलं तेव्हा ती दारात आली. पांढरी साडी, हात वर करून जोरजोरात हलवायला लागली, जा, जा, मागं जा, असं. काहीतरी बोलत होती, भाषा कळत नव्हती, पण हात कळत होता. तुला ती दिसली नसेल, विहिरीच्या आडोशाला दार होतं, आणि तू आलास तोवर ती आत सरकली होती.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ही मला विहिरीवरून हाकलते. आयुष्यात मला कुणी विहिरीवरून हाकललं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कोण हाकलणार? मी थांबायचा तो मुद्दाम पुढं गेलो. कठड्यावर हात टेकून सावकाश वाकलो, ती बघत असताना.

ती अडवत नव्हती. सांगत होती. तू म्हणायचास तसंच, पाण्यावर आलेल्याला सांगत होती. तू माझ्या जागी असतास तर तो हात बघून जागच्या जागी थांबला असतास, कारण तुमच्या घरात तो हात ओळखीचा होता आणि त्याचं ऐकायचं तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. मला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

साहेबांनी नंतर विचारलं, घरात कुणी आहे का? मी म्हणालो, रिकामं आहे. म्हणून कुणी आत गेलं नाही. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की मी त्या म्हातारीला वाचवलं, नाहीतर चिडलेल्या पोरांनी तिला बाहेर ओढलं असतं. खोटं आहे. मी स्वतःला वाचवत होतो. तिनं तोंड उघडलं असतं तर दुभाष्या मिळाला असता, आणि रांग कुणी सोडली ते बाहेर आलं असतं. ती वाचली ती आपोआप.

तुला हे का सांगितलं नाही? रांग सोडली, हे तू पचवलंस. चूक म्हणून पचवलंस. पण त्या म्हातारीचा हात बघून मी काय समजलो, हे तुला कळलं असतं तर तू हसला नसतास. तू माझ्याकडं नुसतं बघितलं असतंस, लक्ष्मणबाबांसारखं. ते मला नको होतं. म्हणून तू जाईपर्यंत मी तुझ्याशी भांडलो की घर रिकामं होतं.

गेल्या वर्षी तू फोन केलास. प्रज्ञा शाळेत शिकवते, तिच्या वर्गातल्या पोरांनी तिला विचारलं होतं, बाई, तुमच्या पप्पांचा पाय पाणी प्यायला गेल्यामुळं गेला का? तिनं ते घरी येऊन सांगितलं. तू म्हणालास, "धावड्या, आता तू ये. मी सांगितलं तर तिला वाटंल, बाप आपली बाजू सांगून राह्यला. तुझ्या तोंडून यायला पाहिजे." मी आलो. प्रज्ञानं पोहे केले. तू मधूनमधून माझ्याकडं बघत होतास. मी तिला शाळेचं विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं. निघताना तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलास, एवढ्या उन्हात, लंगडत. फक्त म्हणालास, "जय भीम, धावड्या. येत जा."

मी नेहमीसारखं राम राम म्हणालो. ते आपलं शेवटचं बोलणं.

आता खोलीत बसून हे लिहितोय. पोरं पुण्याला आहेत, बायको त्यांच्याकडं गेली आहे. दुपारी नळाला पाणी आलं, बादली भरून वाहायला लागली तरी मी उठलो नाही. तुझ्याशी भांडायला बसावं असं वाटतं. तू म्हणावंस, घरात माणूस होतं, आणि मी म्हणावं, होतं. पण ते म्हणायला समोर कुणी नाही.

लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. खोटं मी तोंडानं बोललो होतो, चार माणसांत. हे छापायला द्यायचं मनात आहे, पण त्याआधी मला तीर्थपुरीला यायचं आहे. तुझ्या दारापासून लांब उभं राहून हाक मारायची, थांबायचं, आणि प्रज्ञा ये म्हणाली तर आत जायचं. तिला आणि सुमनवहिनींना सांगायचं की रांग मी सोडली होती, उत्तमला तहान लागली नव्हती, आणि त्या घरात माणूस होतं. मग त्यांनी सांगितलं तर तेच, मांडव टाकला होता त्या जागेवर, गावासमोर सांगायचं. हे माझ्याकडं बाकी आहे.